चार आणि पाचच्या मधली पट्टी

माझी लेक मोठमोठ्या कॉम्प्युटरांना गणितं वाटून देते. तिच्या कामाचं नाव लांबलचक आहे. मला विचाराल तर ती वाटण्या करते. जमिनीचा, हवेचा, नाहीतर एखाद्या यंत्राच्या पोटातला भलामोठा पसारा घ्यायचा, त्याचे हजारो तुकडे पाडायचे, एकेक तुकडा एकेका प्रोसेसरच्या गळ्यात मारायचा आणि कडेचे आकडे शेजारच्या तुकड्याला कळवत राहायचं. सगळ्यांचं जुळलं की उत्तर झालं. हे तिने मला फार कौतुकाने समजावून सांगितलं, जसं काही मी आयुष्यभर नुसती भांडीच घासली. मी म्हटलं, "अगं, हे आम्ही पेन्सिलीने केलंय. नऊ टेबलं, नऊ बायका."

"मग तुला कळेलच," ती म्हणाली. "दोन शेजारचे तुकडे एकमेकांवर थोडे चढवायचे. म्हणजे लवकर जुळतं."

"ते सगळं खरं. पण तुझ्या प्रोसेसरच्या शेजारी त्याची नणंद बसते का?"

ती हसली, तेवढ्यात तिचा फोन आला आणि ती उठून गेली. तिला सांगायचं राहिलं ते इथे सांगते.

मी नोकरीला लागले तेव्हा आकडेमोडीचं यंत्र म्हणजे दांडा फिरवायचं एक लोखंडी खोकं होतं, आणि तो दांडा फिरवणारी बाई म्हणजे गणक. पहिल्या मजल्यावर लांबट हॉल होता. खिडक्या उत्तरेला, म्हणजे दिवसभर उजेड सारखा. खिडक्यांच्या कडेने एका ओळीत नऊ टेबलं. हॉलमध्ये माणसांना नावं नव्हती, टेबलांचे नंबर होते. मी पाच नंबर. माझ्या डाव्या हाताला चार नंबर, म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. घरी त्या वन्सं आणि मी 'अगं'. हॉलच्या दारातून आत पाऊल टाकलं की त्या चार नंबर आणि मला अहो-जाहो. "पाच नंबर, तुमचा रबर खाली पडलाय," असं त्या इतक्या कोरड्या आवाजात म्हणायच्या की तासाभरापूर्वी ह्याच बाईने माझी वेणी घालून दिली हे मलाच खरं वाटायचं नाही.

काम काय, ते सांगते, अवघड नाही. नदीवर धरण बांधायचं होतं. भिंतीखालच्या मातीतून पाणी झिरपणार, आणि ते खालून किती दाब देणार हे आधी कळलं नाही तर भिंतच उचलली जायची. म्हणून मातीचा उभा काप कागदावर काढायचा, त्यावर जाळी आखायची आणि जाळीच्या प्रत्येक टिंबाला दाबाचा आकडा द्यायचा. नियम एकच. टिंबाचा आकडा त्याच्या वरच्या, खालच्या, डाव्या आणि उजव्या शेजाऱ्यांच्या सरासरीइतका हवा. ऐकायला सोपं आहे. एक टिंब बरोबर केलं की त्याचे चारही शेजारी बिघडतात, ते सावरावेत तर त्यांचे शेजारी रुसतात. दिवसभर ही मनधरणी चालायची.

एवढा मोठा काप एकीला झेपणारा नव्हता, म्हणून त्याचे नऊ उभे तुकडे केले होते. पण तुकडे नीट शेजारी शेजारी कापलेले नव्हते. माझ्या तुकड्याचे डावीकडचे चार रकाने वन्संच्या तुकड्यातही होते. ती आमची सामाईक पट्टी. तिच्यातली टिंबं दोघींनी आपापल्या टेबलावर, एकमेकींचं न बघता सोडवायची आणि संध्याकाळी त्यांचे आकडे चिठ्ठीवर लिहून द्यायचे. हेडबाई दोन्ही चिठ्ठ्या शेजारी ठेवून वजाबाकी करायच्या. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारणीची चिठ्ठी आपल्या हातात यायची, तिच्यावरून आपली कड नव्याने बसवायची आणि पुन्हा सगळं पहिल्यापासून. ही झाली एक फेरी. पहिल्या फेरीत दोघींचे आकडे शंभराने चुकायचे, मग पन्नासाने, मग वीस, आठ, तीन. सगळ्या पट्ट्यांत फरक एकावर आला की काप पुरा झाला. दोघींनी वेगवेगळ्या बसून एकच आकडा काढला की तो आकडा खरा, एवढ्या विश्वासावर तो सगळा हॉल चालायचा.

ह्यात खालच्या कडेचे आकडे मात्र हलायचे नाहीत. जमिनीत नळ्या ठोकून, दाब मोजून आणलेले ते आकडे मूळ नकाशावर सर्व्हेवाल्याच्या मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलेले असत. पहिल्या दिवशी प्रत्येकीने आपल्या तुकड्यापुरते ते स्वतः उतरवून घ्यायचे, तेही शाईने, कारण ते बदलायचे नसतात. बाकी सगळं पेन्सिलीने. नकाशा मग हेडबाईंच्या कपाटात कुलपात.

वन्सं एकतीस वर्षं त्या हॉलमध्ये होत्या. हेडबाईंना पेन्सिल धरायला त्यांनीच शिकवलेलं, मलाही. लग्न केलं नव्हतं. का नाही, हे विचारायची कोणाची टाप नव्हती. घरी पाहुणे आले की माझा नवरा सांगायचा, "ही माझी ताई, गणक आहे," आणि वन्सं हनुवटी अर्धा इंच वर उचलायच्या. मी तो अर्धा इंच रोज बघत होते. ती खुर्ची गेली तर त्या 'भावाकडे असतात' एवढ्यावर येणार होत्या. त्या घरात त्यांना कोणी एका शब्दाने दुखवलं नसतं, पण वन्संना जपलेलं खपायचं नाही. त्यांना माना डोलावणाऱ्या बायका नव्हे, जुळणारे आकडे लागायचे.

आणि त्यांची नजर चालली होती.

सुरुवातीला त्या मला वेळ विचारायला लागल्या. "किती वाजले बघ गं, माझं घड्याळ मागे पडतंय." घड्याळ अगदी व्यवस्थित चालत होतं. मग सुईत दोरा ओवायचं काम माझ्याकडे आलं. मग त्या समोरच्या माणसाकडे कोंबडीसारखी मान तिरकी करून बघू लागल्या. शेवटी मी त्यांना ओढतच डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाला, नजरेचा मधला भाग जातोय, कडेचं दिसत राहील, आणि चष्म्याने काही फरक पडायचा नाही. परत येताना वन्सं म्हणाल्या, "तुझ्या नवऱ्याला बोलायचं नाही. आणि हॉलमध्ये तर नाहीच नाही. पेन्सिलीचं मी मोठं लिहिते, मला दिसतं." मी हो म्हटलं. तेव्हा मला ते सोपं वाटलं होतं.

धरणाच्या कापाच्या सहाव्या फेरीपर्यंत सगळ्या पट्ट्या खाली येत होत्या. सातव्या फेरीत इतरांचे फरक दोन-तीनवर आले आणि आमचा सतरावर अडला. सगळीकडे नाही, एकाच जागी, पट्टीतल्या अगदी खालच्या एका टिंबाशी. त्याच्या वरच्या टिंबाशी सहा. आठव्या फेरीतही सतराच. माझा आकडा तीनशे अठ्ठावीस, वन्संचा तीनशे अकरा.

पेन्सिलीची चूक असती तर ती दोन फेऱ्यांत आपोआप विरघळली असती. सरासरीचं गणित तेवढं दयाळू असतं. न विरघळणारी चूक शाईची असते. त्या टिंबाखालचा, कडेचा पक्का आकडा आम्हा दोघींपैकी एकीने चुकीचा उतरवला होता. मी माझ्या कागदावर पाहिलं. तीनशे ब्याऐंशी, स्वच्छ. वन्संच्या कागदावर काय आहे ते मला दिसत नव्हतं, आणि बघायची परवानगीही नव्हती. पण मुंगीएवढ्या अक्षरातला आठ आणि तीन ह्यांत त्यांना काय दिसलं असेल ते समजायला कागद बघायची गरज नव्हती.

हॉलचा नियम होता. फरक तीन फेऱ्या एकाच जागी अडला, तर दोन्ही टेबलांची शाई मूळ नकाशाशी ताडून बघायची, आणि जिची शाई चुकली तिने टेबल सोडायचं. कायमचं. कारण पेन्सिल चुकली तर शेजारीण सावरते, शाई चुकली तर सगळी ओळ चुकते. दोन फेऱ्या झाल्या होत्या. तिसरी उरली होती.

त्या संध्याकाळी भाजी चिरताना मी विषय काढायचा प्रयत्न केला. "वन्सं, ते खालचं टिंब..."

"पाच नंबर घरी येत नाही," वन्सं म्हणाल्या. आकड्यांनी घराचा उंबरा ओलांडायचा नाही, हा त्यांचाच कडक कायदा.

"पण एकदा शाईचं..."

"सुरीकडे लक्ष दे, बोट कापशील."

झालं. मी रात्रभर तळमळले. माझा स्वभाव तापट आहे, मला राग आला की बोलून मोकळी होते. पण इथे राग कोणावर काढायचा? सकाळी उठले तेव्हा माझं ठरलं होतं.

नवव्या फेरीचं गणित मी नेहमीसारखं केलं. माझ्या टिंबाचा आकडा पुन्हा तीनशे अठ्ठावीस आला. आणि चिठ्ठी लिहिताना मी तिथे तीनशे अकरा लिहिलं. वरच्या टिंबालाही वन्संचा आदल्या दिवशीचाच आकडा दिला. मनाशी म्हटलं, इंजिनिअर साहेब शेवटी सगळ्याला दीडपट करून भिंत जाड बांधतात, सतराने काय होणार आहे. आता आठवलं की अंगावर काटा येतो, पण त्या संध्याकाळी मी चिठ्ठी पेटीत टाकून हलक्या पायांनी घरी गेले, हे खरं आहे. वन्संची खुर्ची मी वाचवली होती आणि त्यांना ते कधी कळणारही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी काम सुरू व्हायच्या आधी हेडबाईंनी आम्हा दोघींना आपल्या टेबलाशी बोलावलं. हेडबाई उंच, मितभाषी. त्यांचा आवाज चढलेला मी कधी ऐकला नाही. त्यांनी चार चिठ्ठ्या ओळीने मांडल्या.

"आठव्या फेरीत चार नंबर तीनशे अकरा, पाच नंबर तीनशे अठ्ठावीस," त्या म्हणाल्या. "नवव्या फेरीत चार नंबर तीनशे अठ्ठावीस, पाच नंबर तीनशे अकरा. वरच्या टिंबाचंही तसंच. फरक तेवढाच राहिला, फक्त बाजू बदलली. मी अठरा वर्षांत असं गणित पाहिलं नाही. काल जागा बदलून बसला होतात का?"

मला क्षणभर काही कळेना. मग कळलं. वन्संनीही माझेच आकडे लिहिले होते. मी त्यांना वाचवायला निघाले, त्या मला. त्यांना वाटलं असणार की चूक माझी आहे, मी नवखी, माझी नोकरी अजून कच्ची, आणि त्यांनी ती आपल्या अंगावर ओढून घेतली. त्या कोरड्या आवाजाच्या बाईने माझ्यासाठी एवढं केलं. माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं आणि हॉलचे सगळे कायदे विसरून मी म्हटलं, "वन्सं, तुम्ही माझ्यासाठी..."

"तुझ्यासाठी?" वन्संनी मान तिरकी करून माझ्याकडे पाहिलं. "तुझ्यासाठी कशाला? तुझं काय बिघडलं होतं?"

मी चिठ्ठ्यांकडे बोट दाखवलं.

"मी तुझे आकडे उचलले," त्या म्हणाल्या. "शाई माझीच चुकली असणार हे मला सातव्या फेरीलाच कळलं होतं. मला हल्ली आठ आणि तीन सारखेच दिसतात. आज ताडून बघायची वेळ आली असती, म्हणून काल तुझी चिठ्ठी बघून लिहिलं. चोरी म्हणतात त्याला." लगेच पुढे, "आणि तू? तू माझे का लिहिलेस?"

ह्याचं उत्तर द्यायची गरज पडली नाही. वन्संचा चेहरा हळूहळू बदलला आणि मला वाटलं की जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरं.

"अच्छा," त्या म्हणाल्या. "म्हणजे माझी कीव आली."

"कीव नाही, वन्सं."

"मग काय म्हणायचं ते म्हण." त्या हेडबाईंकडे वळल्या. "एकतीस वर्षांत एकदा चोरी करायला निघाले, तर घरातलीच बाई आडवी आली. नशीब बघा."

हेडबाईंच्या ओठांचा कोपरा हलला, पण हसायला कोणालाच आलं नाही. मी तिथे उभी राहून हिशोब लावत होते. मी माझे खरे आकडे लिहिले असते, तर वन्संची चोरी पचली असती. दोन चिठ्ठ्या जुळल्या असत्या, चुकीची शाई तशीच राहिली असती, काप साहेबांकडे गेला असता आणि वन्सं खुर्चीवर राहिल्या असत्या. त्यांना पकडून दिलं ते माझ्या मायेने. आणि मी त्यांच्यासारखीच मुकाट्याने चोरी केली होती. माझीही पचली नाही ती त्यांच्या भीतीमुळे. दोघींपैकी एक जरी त्या दिवशी सरळ वागली असती, तर चुकीचा आकडा धरणाच्या भिंतीखाली जाऊन बसला असता. हे मला आजही नीट पचत नाही.

नकाशा कपाटातून काढला. वाचायला नऊ नंबरला बोलावलं, कारण तिचं टेबल आमच्यापासून सगळ्यात लांब. तिला हॉलमध्ये सगळे 'रेडिओ' म्हणायचे. बाई दयाळू होती, पण तिचं बटण बंद व्हायचं नाही आणि आवाज कमी व्हायचा नाही. रेडिओने भिंग लावलं आणि साऱ्या हॉलला ऐकू जाईल असं वाचलं, "तीनशे ब्याऐंशी." मग वन्संचा कागद घेतला. "तीनशे बत्ती..." आणि आयुष्यात पहिल्यांदाच ती शब्द अर्धा सोडून गप्प झाली.

हेडबाईंना मान वर करवेना. "बाई," त्या वन्संना म्हणाल्या. हॉलमध्ये त्यांनी हा शब्द अठरा वर्षांत वापरला नव्हता. "नियम आहे..."

"मला नियम काय सांगतेस, तो मीच लिहिलाय," वन्सं म्हणाल्या. "तेव्हा डोळे चांगले होते." त्यांनी पदर सारखा केला. "उठते मी. पण एक मागते. हा काप मला पुरा करू दे. चुकीचा आकडा माझ्या हातून गेला, तिथे बरोबर आकडाही माझ्या हातून जाऊ दे. मग माझी खुर्ची कोणालाही दे."

हेडबाईंनी कॅलेंडरकडे पाहिलं. "काप शुक्रवारी साहेबांकडे जायचा आहे. तीन फेऱ्या होतील. तीन फेऱ्यांत फरक एकावर आला नाही, तर हा तुकडा मी दुसरीकडून करून घेईन. आणि तुम्हाला कागद दिसणार कसा?"

"मी वाचून दाखवते," मी पटकन म्हटलं.

"नाही," दोघी एकदमच म्हणाल्या.

"तू शेजारीण आहेस," वन्सं मला म्हणाल्या. रागावून नव्हे, लहान मुलीला शिकवावं तसं. पहिल्या दिवशी मला सरासरी शिकवली होती तशाच आवाजात. "माझे आणि तुझे आकडे एकाच तोंडातून गेले, तर ते जुळले काय आणि न जुळले काय. मला लांबचं माणूस दे."

म्हणून रेडिओ चार नंबरच्या टेबलाशी बसली. ती आकडे वाचायची, वन्सं डोळे मिटून तोंडी सरासरी काढायच्या, यंत्राला हातही न लावता, आणि रेडिओ पेन्सिलीने लिहायची. वन्संचं तोंडी गणित असं होतं की दांडा फिरवणाऱ्या बायका मागे पडायच्या. पण रेडिओचा आवाज. पहिल्या अर्ध्या तासात मला वन्संचे वीस आकडे ऐकू आले. मी कानात बोटं घातली तर पेन्सिल धरायला हात उरेना. शेवटी मी हेडबाईंकडे गेले, आणि माझं टेबल उचलून कागदांच्या कोठीत नेऊन ठेवलं. तिथे नकाशांच्या गुंडाळ्या, धूळ आणि वर एक झरोका. दार लावून घेतलं. तीन दिवस मी तिथे एकटीने गणित केलं आणि इतकं एकटं मला पुढे कधीच वाटलं नाही.

पहिल्या फेरीत फरक नऊ आला. दुसऱ्या फेरीत तीन. गुरुवारी सकाळी वन्संची चिठ्ठी माझ्या हातात आली, त्यात त्या टिंबाचा आकडा तीनशे एकोणतीस होता. मी कड बसवली आणि काम सुरू केलं. माझी टिंबं एकेक करून शांत होत गेली. दुपारी चारच्या सुमाराला फक्त ते टिंब उरलं. चार शेजाऱ्यांची बेरीज तेराशे बावीस. भागिले चार, तीनशे साडेतीस.

अर्धा आला की वर जायचं, हा हॉलचा नियम. म्हणजे तीनशे एकतीस. पण वन्सं कालच्या तीनशे एकोणतीसवरच राहिल्या असतील तर फरक दोन होणार, आणि त्यांचा तुकडा उद्या दुसरीकडे जाणार. मी तीनशे तीस लिहिलं तर सगळं सुरक्षित. अर्ध्याचा तर प्रश्न. अर्ध्यासाठी कोण विचारणार होतं? त्या कोठीत मला बघणारं कोणी नव्हतं. मी चौघांची बेरीज सात वेळा केली, ती प्रत्येक वेळी तेराशे बावीसच आली. मी रडले, हे सांगायला मला लाज वाटत नाही. मग नाक पुसलं आणि तीनशे एकतीस लिहिलं. माझ्या हाताने वन्संना खुर्चीवरून उठवते आहे असं वाटत होतं, तरी लिहिलं. त्यांनी मागितलं होतं ते हेच.

त्या दिवशी हेडबाई सकाळपर्यंत थांबल्या नाहीत. सगळ्यांसमोरच चिठ्ठ्या शेजारी ठेवल्या. एक-दोनची पट्टी जुळली. दोन-तीन, तीन-चार. मग आमची. त्यांनी बोट खाली खाली नेलं.

"चार नंबर तीनशे एकतीस," त्या म्हणाल्या. "पाच नंबर तीनशे एकतीस. फरक शून्य."

रेडिओने टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच. वन्सं उभ्या राहिल्या, खुर्ची टेबलाखाली सरकवली, पेन्सिली डब्यात ठेवल्या आणि डबा रेडिओला दिला. त्यांची हनुवटी वर होती. मला इतका आनंद झाला होता की मी कोठीच्या दारात उभी राहून वेड्यासारखी हसत होते.

घरी जाताना रस्ता ओलांडायच्या वेळी वन्संनी माझा दंड धरला. पहिल्यांदाच. अजून उजेड होता, दुकानं उघडी होती, सायकलींची वर्दळ होती. पलीकडच्या फुटपाथवर आल्यावरही त्यांनी हात सोडला नाही.

"शून्य आलं," त्या म्हणाल्या.

"हो, वन्सं."

"एकाचाही फरक नाही."

"नाही."

थोडं चालून झालं. मग त्या थांबल्या आणि मान तिरकी करून माझा चेहरा शोधायला लागल्या, कडेच्या नजरेने जेवढा सापडेल तेवढा.

"तो आकडा तुझाच होता ना गं?"

मला आधी प्रश्नच कळला नाही. कळला तेव्हा कोणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. दाराआडून रेडिओचा आवाज ऐकून मी पुन्हा त्यांचाच आकडा लिहिला, अशी त्यांना शंका होती.

"माझाच होता," मी म्हटलं. "तुमची शपथ, वन्सं. बेरीज तेराशे बावीस होती, मी सात वेळा केली."

"शपथ नको," त्या म्हणाल्या. "बरं. तू म्हणतेस तर तुझाच असेल."

एकतीस वर्षं त्यांना कोणाच्या शब्दावर विसंबायची गरज पडली नव्हती. शेजारच्या टेबलावरून चिठ्ठी यायची आणि ती बोलायची. आयुष्यातला शेवटचा आकडा, जो त्यांनी डोळ्यांशिवाय, निव्वळ डोक्याने बरोबर काढला होता, तो बरोबर होता की नाही हे मात्र त्यांना माझ्या तोंडून मानून घ्यावं लागलं, आणि त्या तोंडावरचा विश्वास मी तीनच दिवसांपूर्वी मायेपोटी घालवून बसले होते. पुढे बारा वर्षं त्या आमच्या घरात होत्या. माझ्या लेकीला पाढे त्यांनीच शिकवले. अधूनमधून, कपडे घडी करताना, नाहीतर दुपारी आडवं झाल्यावर, त्या सहज विचारल्यासारखं विचारायच्या, "तुझाच होता ना गं?" मी दर वेळी हो म्हणायचे, दर वेळी खरं बोलायचे, आणि वन्सं दर वेळी "बरं" म्हणायच्या.